पोच

चोपड्याला मार्चमध्ये दुपारी वीज जाते
आणि पडद्यावरचे सातही थर एकदम विझतात.
पंखा उरलीसुरली चक्कर मारून थांबतो.
मग मी, बोंडे मॅडम,
वहीचं एक पान फाडते.

"मोनाली, लिही काहीतरी. घरचा निरोप समज."
मोनाली सैंदाणे विचारबिचार करत नाही:
म्हैस व्याली, पारडी झाली, चीक ठेवलाय, शनिवारी ये.

एवढा अख्खा मावणार नाही वाटेत, मी सांगते,
म्हणून चार तुकडे.
प्रत्येकावर आकडा, कुणाकडून, कुणाला.
केळीचा घड कोणी सबंध धाडतं का दिल्लीला?
फण्या कापतात, खोक्यात भरतात,
आणि फणीला तिकडे कोणी विचारत नाही
तू कुठल्या घडाची.
चिठ्ठीला मात्र विचारतात.

निघतात तुकडे बाकांमधून.
एक खिडकीकडच्या रांगेनं, एक मुलींच्या,
एक उगाच दारापर्यंत जाऊन परत.
प्रफुल्लच्या दोन्ही हातांत आधीच चिठ्ठ्या,
तिसरी येते ती तो सरळ खाली टाकतो.
मी रागावत नाही. पुस्तकातही असंच करतात.

शेवटच्या बाकावर गुलसिंग पावरा जुळवत बसतो.
चार आला. एक आला. बऱ्याच वेळानं तीन.
"मॅडम, दोन नाही. दोन पुन्हा धाडा!"
आणि एकाच म्हशीला
एका तासात दुसऱ्यांदा पारडी होते.

वर्ग हसून घेतो. गुलसिंग उभाच.
"पण मॅडम, निरोप धाडायच्या आधी
समोर कोणी आहे का ते नको बघायला?
आमच्याकडे या टेकडीवरून त्या टेकडीला
आधी नुसतं कूक करतात.
तिकडून कूक आलं की आपण अजून एकदा,
म्हणजे त्यालाही कळतं, आपल्याला ऐकू आलं.
मग काय ते बोलायचं.
नाही आलं तर नाही बोलत.
वाऱ्याला कशाला सांगायचं घरचं?"

अकरा वर्षं मी फळ्यावर तीन बाण काढतेय,
इकडून तिकडे, तिकडून इकडे, पुन्हा इकडून.
त्या दिवशी नाही काढले.

भोंगऱ्याला तो पाड्यावर गेला.
परीक्षेच्या फॉर्मची तारीख गुरुवार.
सोमवारी सकाळी मेसेज टाकला. एक टिक.
तासाभरानं पुन्हा. मग दोन तासांनी. मग चार.
दर वेळी थांबायचं दुप्पट, म्हणजे वाट तुंबत नाही,
हे मीच शिकवते;
शिकवताना कळत नाही
दुप्पट हा शब्द केवढा लांब आहे.
अडावदच्या पुढे जेसीबीनं केबल उखडली असेल,
टॉवरचं डिझेल संपलं असेल,
फोन चुलतभावाच्या खिशात,
किंवा काही नाही, तो नुसता नाचत असेल ढोलावर.
एका टिकेतून यातलं काही दिसत नाही.
न आलेली पोच
नाहीसुद्धा म्हणत नाही.

बुधवारी स्टाफरूममध्ये फोन वाजला, अनोळखी नंबर.
आधी वारा. मग खरखर.
मग त्या खरखरीच्याही पलीकडून
कूऽऽक.

वाणी सर डबा उघडत होते, प्राचार्य दारात.
मी खुर्चीवरून उठले, कशाला कोण जाणे,
आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं
कूऽऽक.

थोडा वेळ काहीच नाही.
मग त्याचं आणखी एकदा, बारीक.
मग म्हणाला,
"मॅडम, फॉर्मची फी किती?"