थर्ड पार्टी

खडेबाजारात चपलांच्या दुकानावरच्या जिन्यानं
इराप्पा हुक्केरींचं ऑफिस.
पंखा फिरतोय, आणि माझ्या गाडीचा कागद
पेपरवेटखालून सुटायला बघतोय.

सत्तावीस हजार आठशे चाळीस.

चष्मा पुसून परत वाचले. तेवढेच.
"एवढे कशाला हो? गाडी तर स्वस्तातली."
"गाडी स्वस्त आहे की हो. बॅटरी कुठं स्वस्त आहे?
निम्मी गाडी म्हणजे तीच बघा. खालनं दगड लागला
तर उघडून बघत नाहीत, आख्खी बदलतात."

शालननं वहीत मांडून ठेवलंय:
पेट्रोलचे वाचले महिन्याला एकवीसशे,
हेस्कॉमचं बिल वाढलं तीनशे साठनं.
जुन्या गाडीचा विमा होता सहा हजार दोनशे.
मी तिथंच बोटांवर केलं.
वर्षाला सातशे साठ रुपये आतबट्ट्याचं.
वही घरी विसरलो ते बरं झालं.

उद्यमबागेत तीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून शंभराला एक मिलिमीटर जादा ठेवायचा.
तेवढा जादा ठेवायला हात आपोआप शिकला.
इथं गाडीची किंमत गेल्या साली सात साठ, आता सहा दहा,
आणि हप्ता मात्र फुगलेला.
माल आकसतो नि साचा वाढतो,
असलं ओतकाम मी कधी बघितलं नव्हतं.

गडहिंग्लजचा मेहुणा फोनवर म्हणाला होता,
"आमच्याकडनं घ्यायचीस की, एमएच नऊवर."
"तुझा हप्ता किती?"
जरा थांबून म्हणाला, "साडेसत्तावीस."

इराप्पा बोट फिरवत वाचून दाखवतो:
आग, पूर, भूकंप,
वायर कुरतडणारे उंदीर, त्याला वेगळे पैसे.
दंगल, मोर्चा, दगडफेक, हे सगळं बसतं.
"आणि प्लेटला कुणी काळं फासलं तर?"
तो हसत नाही. मीही नाही.
नोव्हेंबरची एक तारीख
दोघांच्या मधल्या टेबलावर येऊन बसते,
त्याची वेगळी, माझी वेगळी.
"ते पुसायचं ओ," तो म्हणतो. "रॉकेलनं जातंय."

मग सगळ्यात खालची ओळ, थर्ड पार्टी.
"हे कोण?"
"पहिले तुम्ही. दुसरी कंपनी.
तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कोण पण.
गोगटे सर्कलला आडवा आलेला,
तुम्ही ज्याला ओळखत नाही तो."
"त्याचं नाव नको?"
"नको."
"भाषा?"
"रक्त आलं की झालं की हो."

सत्तर वर्षं इथल्या वादाचे पक्ष दोनच,
एक मुंबईत बसतो, एक बेंगळुरात.
तारखा पडतात, दोघांचे वकील येतात.
मी नि इराप्पा, खालचा चपलावाला,
आम्ही या कागदावर कुठल्या रकान्यात,
ते आज पहिल्यांदा छापील अक्षरात वाचलं.

उंदरांचं खोडलं. बॅटरीचं ठेवलं.
सही मराठीत केली तर चालेल का, विचारलं.
"कुठल्या पण भाषेत करा.
पैसे आकड्यात."

परतताना वडगावच्या गल्लीत वळलो.
गाडीला आवाज नाही,
म्हणून रस्त्यात पसरलेलं कुत्रं उठत नाही.
हॉर्न वाजवायचा तर दुपार, पोरं निजलेली,
दोन मागं थांबले होते, चिडलेले,
त्यांतला एक कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला,
एक आपल्या भाषेत, तेच.
मी इंजिन बंद करायला गेलो,
ते तर आधीच गप्प होतं.

खाली उतरलो.
कुत्र्याला पायानं हलकंच सरकवलं.
त्यानं डोळे उघडून मला बघितलं,
आणि चार पावलांवर जाऊन
परत तसंच पडलं.