बूटर आणि ब्रेया

खालच्या मजल्यावरच्या सिएत्सेविरुद्ध
मी तीन पत्रं लिहिली होती सोसायटीला.
पहिलं आवाजाबद्दल: पहाटे पाच वाजता
गंजक्या बिजागऱ्यांची दारं
कुणी एकामागून एक उघडत जावं, तसा.
दुसरं वासाबद्दल.
तिसरं नुसतंच,
आधीच्या दोघांना उत्तर आलं नव्हतं म्हणून.

आमच्या लेवार्डनमध्ये पाण्याला तोटा नाही.
रस्त्याला बिलगून कालवा,
कालव्यात फुकटची बदकं, हवी तितकी.
मग ही घरात कशाला,
असं मी जिन्यात विचारलं, एकदाच.
तो म्हणाला, "कालव्यातली मला ओळखत नाहीत."

चाळीस वर्षं त्यानं पूल उचलला, खाली ठेवला.
काठीला दोरी, दोरीला लाकडी जोडा,
जोड्यात नावाड्यांनी टाकलेली नाणी.
आता तो जोडा न्हाणीघरात, खुंटीवर.
त्यात मटार.
मूठभर टबात सोडले की दोघी बुडी मारायच्या,
शेपट्या वर.
बूटर म्हणजे लोणी, ब्रेया म्हणजे पाव.
पाठीवरून पाणी असं निघून जायचं
जसं अळवावरून जातं,
कुणाचंच काही न लागता.

लंगोट तो स्वतः शिवायचा.
पडद्याचं कापड, शेपटीला भोक, पाठीवर वेलक्रो.
शुक्रवार बाजाराचा. सायकलच्या पुढच्या पेटीत
दोघी शेजारीशेजारी, माना ताठ,
लग्नाला निघालेल्या मावश्यांसारख्या.
चीजवाला आधी त्यांना हाक मारायचा, मग त्याला.
पोरं लंगोटाला हसायची.
"तुम्हीही घातलेत," तो म्हणायचा,
"विसरलात, एवढंच."

जानेवारीत ब्रेया गेली.
कशानं, मी विचारलं नाही.
पहाटेचा आवाज अर्धा झाला फक्त.
अर्धा आवाज जास्त ऐकू येतो.

मार्चमध्ये तो घसरला,
बर्फावर नाही, स्वतःच्या चटईवर.
खुब्याचं हाड.
रुग्णवाहिकेत चढवताना किल्ली माझ्या हातात,
माझ्या, तीन पत्रांच्या मालकिणीच्या.
"मटार. आणि आरसा हलवू नकोस."

आरसा जमिनीवर टेकवलेला, उशीएवढा.
बूटर त्याच्यापुढे बसायची,
हळू आवाजात काहीतरी सांगायची,
मग थांबायची,
उत्तर मावेल एवढी जागा सोडून.
अकरा दिवस मी हे बघितलं.
पहिल्या दिवशी तिनं माझ्या घोट्याला चोच मारली.
चौथ्या दिवशी तिला माझे मोजे आवडले.
सहाव्या रात्री मी त्याच्या सोफ्यावर झोपले,
जिना चढायचा कंटाळा आला म्हणून,
असं मी सगळ्यांना सांगते.
पहाटे पाचला ती ओरडली नाही.
माझ्या पावलांवर बसून होती, गरम,
भिजल्या गवताच्या वासाची,
दुसरं पत्र ज्याच्याबद्दल होतं, त्याच वासाची.

शुक्रवारी तिला बसनं नेलं.
ड्रायव्हरनं तिकीट मागितलं नाही,
नाव विचारलं.
इस्पितळात बदक चालत नाही;
गाडीतळावर उभी राहिले, बूटर काखेत.
तिसऱ्या मजल्याच्या काचेमागे तो.
त्यानं हात वर केला, सावकाश,
पूल उचलायचा तसा,
आणि बराच वेळ खाली आणलाच नाही.
मला वाटलं, आता ही काहीतरी करेल,
पंख फडफडवेल, ओळख देईल.
तिनं माझ्या कोटाचं बटण ओढून बघितलं.

तो आता काठी टेकत चालतो.
एकट्या बदकाला ठेवू नये, पाप लागतं, म्हणतो,
आणि माझ्याकडे बघतो,
कारण शेतावर जायला गाडी माझ्याकडे आहे.

काल सोसायटीचं पत्र आलं.
आपल्या तक्रारींची नोंद घेण्यात आली आहे.
कागद चांगला जाड होता.
मी तो दुमडला, कात्री फिरवली.
नव्या बदकाच्या लंगोटाचं माप निघालं त्यातून,
शेपटीचं भोक नेमकं
अध्यक्षांच्या सहीवर.