वीसपैकी किती

दिल्लीहून आलेल्या बाईंनी कागद सरकवला माझ्यापुढे.
सहा रेघा. प्रत्येक रेघेवर वीस खुणा.
"मानसिक श्रम किती वाटले? टिक करा फक्त."
बाहेर सोनेगावच्या धावपट्टीवर
नवतप्याचा तिसरा दिवस हलत होता पाण्यासारखा.
आत एसी अठरावर, खांद्यांवर शाली.
रडारच्या खोलीला ऋतू नसतो.

मी पेन उघडलं, बंद केलं.

बाई, तुम्हाला वाटत असेल गर्दीची वेळ.
संध्याकाळी साडेसातला माझ्या तुकड्यात सतरा असतात,
देशाचं पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण
सगळं आमच्या डोक्यावरून ओलांडतं,
झिरो माइलच्या दगडाला न विचारता.
तेव्हा मी चांगली असते.
तेव्हा मला मान नसते, पाठ नसते, घरचा फोन नसतो.
सतरा आकडे असतात, ते बोटांना ठाऊक असतात,
जसं इतवारीतल्या जुन्या किराणावाल्याला
पुडीचं वजन, तराजूच्या आधी.

त्या रात्री तीन होती.
तीनच.
पहाटेचे तीन चाळीस. चहावर साय धरलेली.
शेजारी प्लॅनरच्या खुर्चीत निखाडे,
पोरीच्या अ‍ॅडमिशनचं सांगता सांगता मधेच गप्प झालेला.

मी म्हटलं, क्लाइंब, थ्री थ्री झिरो.
मुंबईहून कोलकात्याला निघालेला एक तरुण आवाज
जांभई गिळून म्हणाला, थ्री फाइव्ह झिरो.
आणि मी ऐकलं,
थ्री थ्री झिरो.

लक्ष नव्हतं असं नका लिहू.
मी ऐकत होते.
पण कानाने आधीच वाढून ठेवलं होतं
जे यायचं होतं ते,
आलेल्याला ताटात जागाच नव्हती.
यासाठीच तर शिकवलं होतं,
तीनला ट्री म्हणा, पाचला फाइफ.
हसलो होतो आम्ही मागच्या बाकावर. पोट्टे होतो.

मधे, तीनशे चाळीसवर,
पश्चिमेकडे निघालेलं एक मालवाहू.
पोटात औषधं असतील, मोबाइल,
कुणाच्या तरी नावाची पेटी.

निखाडेने पेन्सिल आपटली टेबलावर. दोनदा.
"मॅडम, काय म्हणाला तो?"

मी पुन्हा विचारलं. आवाज होता तोच ठेवला,
ते येतं आम्हाला.
"सॉरी मॅम, थ्री थ्री झिरो."
काही झालं नाही.
एकशे ऐंशी माणसं कूस बदलत गेली गोंदियावरून.
रजिस्टरात दीड ओळ.
निखाडेने चहा पुन्हा गरम करून आणला
आणि पोरीचं राहिलेलं सांगून टाकलं.

सकाळी खामल्याच्या वळणावर दूधवाला भेटला.
"उद्या किती जी?"
तीन, म्हटलं.
"तीन."
मी स्कूटी थांबवली. मागे वळून म्हटलं, पुन्हा सांग.
तो बघत राहिला.
"तीनच म्हटलं ना जी. काहून, काय झालं?"

हे सगळं या कागदावर कुठे मावेल, बाई?
श्रमाची रेघ आहे, घाईची आहे, वैतागाची आहे.
रिकाम्या पडद्याची नाही.
निखाडेची पेन्सिल कोणत्या खुणेवर लिहू?
तो त्या रात्री पेंगत असता तर, त्याची खूण कुठली?

पण तुम्ही विचारलंत
त्या तासात डोक्याला काम किती होतं.
खरं तेच सांगायचं ना?
मी दोनवर टिक केली.

बाईंनी चष्मा वर सारला.
"दोन?"

मी ऐकलं. शब्द पूर्ण येऊ दिला.
मग म्हटलं,
दोन.