साडेतीन वेढे

मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघायला अजून तासभर,
आणि मगदूमांची गाडी दोन सेकंद चालून मरत होती.
सेल्फ बसतो, इंजिन पकडतं, हुंकारतं,
मग बोलता बोलता कुणी वाक्य गिळावं तसं गप्प.
मीटरमध्ये लाल चावी लुकलुकते.

"पेट्रोल कालच टाकलंय," मगदूम म्हणाले.
पेट्रोलचा प्रश्नच नाही, आण्णा.
तुम्ही कोण, ते गाडीला कळेना झालंय.

बॅटरी बघितली. बारा पॉइंट पाच.
टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली.
जुडग्यातनं गोदामाची, तिजोरीची, पोरीच्या स्कूटीची चावी काढली,
दोन चिपा शेजारी आल्या की घोळ होतो कधीकधी.
लॉक करून दहा मिनिटं तशीच सोडली.
ती दहा मिनिटं मगदूम पोत्यावर बसून
घड्याळाकडं नाही, माझ्याकडं बघत होते.
पुन्हा दोन सेकंद.

तोवर हमाल जमले.
एकजण म्हणाला ढकला, एकजण म्हणाला लिंबू ठेवा चाकाखाली.
एकानं अगदी खात्रीनं सांगितलं, हळद गेलीय आत,
त्याच्या मेव्हण्याच्या मिक्सरचं असंच झालं होतं.
हळद तर सगळीकडंच होती. सीटवर, गिअरच्या बुडाशी,
माझ्या नखांत.
पण हळदीनं गाडी चावी विसरत नाही.

स्कॅनर जोडला. त्यानं एकच ओळ दिली:
चावी आढळली नाही.
चावी माझ्या हातात होती.
शिवणीत नख घालून उघडली.
आत चिपेची खाच, लांबट तांदळाएवढी,
रिकामी.

"ही कुठनं करून घेतली?"
"गाडी घेतली तेव्हापासनं हीच. मिरजेच्या डॉक्टरांची गाडी."
म्हणजे आठ वर्षं.
आठ वर्षं पोकळ चावीवर चालली होती ही.

स्टिअरिंगखालचं कव्हर तीन स्क्रूचं.
तिसरा दिसत नाही, बोटांनीच शोधायचा.
कव्हर सुटलं आणि मांडीवर पडलं
काळ्या टेपचं बोराएवढं गाठोडं,
गोंद वाळून रिंगपासून निसटलेलं.
टेपचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्याला नख लावायला जागा राहावी म्हणून.

साडेतीन वेढे. मोजायची गरज नव्हती.

दस्तगीर सतारमेकर.
घरात सगळे भोपळे कोरणारे, तारा चढवणारे,
हा एकटाच वायरिंगकडं आला.
सेल्फचा आवाज डोळे मिटून ऐकायचा
आणि म्हणायचा, "उतरलीय."
तीन घातलेस तर सुटतं, चार घातलेस तर फुगतं.
आणि टोक दुमड, पोरा,
उघडायला आपणच असू असं थोडंच आहे.

सहा वर्षं राहिलो त्याच्याकडं.
मग समोरच्याच गाळ्यावर माझा बोर्ड लागला,
त्याच्या दोन गिऱ्हाइकांसकट.
तो काही बोलला नाही.
नुसता माझा राहिलेला टेस्टर पाठवून दिला पोराबरोबर,
नवा बल्ब घालून.

"सापडलं का?"
गाठोडं रिंगजवळ धरलं. लाल चावी विझली.
इंजिनानं पकडलं. दोन सेकंद गेले, तीन, दहा.
मगदूम पोत्यावरनं उठले, धोतर झटकलं,
पिवळा धूर उडाला.

खरं तर हे असं ठेवू नये.
दाराला कुलूप आणि किल्ली कडीला टांगलेली, असली ही राखण.
चिप चावीत बसवून देतो म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.
"सौदा होऊ दे," ते म्हणाले, म्हणजे दिवाळीनंतर.
तोवर कुणाची तरी डोकेबाजी चालू द्यावी लागणार.

जुनी टेप तडकली होती. नवी घेतली.
एक, दोन, तीन, आणि अर्धा.
टोक दुमडलं.

बिल लिहिलं तीनशेचं.
जुनी टेप फेकायची म्हणून खिशात घातली,
ती रात्री शर्ट काढताना हाताला लागली.
एका बाजूनं अजून चिकटत होती.