इतिवृत्त

मंगळवार. ऑर्विल डिक यांच्या हार्डवेअर दुकानाच्या मागे,
खिळ्यांच्या पिंपांमध्ये नऊ खुर्च्या.
बाहेर उणे एकतीस. गाड्यांची इंजिनं चालूच ठेवलेली.

मागील इतिवृत्त वाचून कायम:
वेशीवरच्या पाटीची लोकसंख्या रंगवणं बंद.
मांसाचा कारखाना आल्यापासून दर पंधरवड्याला
कुणी ना कुणी बॅगा घेऊन उतरतं,
आणि रंगारी दर वेळी चाळीस डॉलर मागतो.
म्हणून पत्र्याचे सुटे आकडे, लोखंडी आकड्यांना टांगलेले.
सहा उलटा केला की नऊ.
तेवढाच एक पत्रा वाचला, असं ऑर्विल.

विषय पहिला: रोझालिंडा मॅग्बानुआ यांचं दुकान.
तांदूळ, सुकी मासळी, मनिलाला पैसे धाडायची सोय.
बँक विचारते, तारण काय?
नऊ सह्या.
मॅकरे यांनी पेन दोनदा झटकलं. शाई गोठली होती म्हणे.
त्यांच्याच नांगरानं आज पहाटे बाईंच्या दारातला बर्फ ओढला;
हे इतिवृत्तात घेऊ नये, अशी त्यांची सूचना.
घेतलं.

आयत्या वेळचे विषय:
अ‍ॅगाथा डिक जाऊन सतरा दिवस झाले.
पाटीवर अजून एक माणूस जास्त आहे.
हा विषय कुणी मांडला नाही.
हालिनानं बेकरीतून आणलेला पाव कापला,
सगळ्यात जाड तुकडा ऑर्विलच्या ताटलीत ठेवला.

सभा संपली. ऑर्विल उठले
तेव्हा कोटाच्या खिशात
किल्ल्यांवर पत्रा वाजला.
मॅकरे म्हणाले, शिडी माझ्या गाडीत आहे.