उशिरा पोचणारा बाण

रुकय्या परकारनं यंत्र काउंटरवर ठेवलं तेव्हा
तापातल्या पोराच्या कपाळाइतकं ते गरम होतं.
"शिगवण, ह्याला उचकी लागलीय.
रानवीचं वळण मी घेऊन होते,
आणि बाण अजून मागच्या पऱ्ह्यावर उभा."

तिची गाडी पांढरी, सात आसनांची.
आठवड्यातून दोनदा ती विमानतळावरून
आखातातली माणसं आणते,
खोक्यांसकट, ब्लँकेटांसकट, झोपेसकट.

माझं काम सावकाश चालतं.
आधी उजेड उतरवला.
मग उभ्या इमारती बंद केल्या.
शृंगारतळीत तिसरा मजला बघायला कोण येतं,
की यंत्रानं तो चारी बाजूंनी काढत बसावा?
झाडं बंद. सावल्या बंद.
गाडीच्या जागी लाल, छप्पर नसलेली मोटार होती,
तिथं साधा त्रिकोण बसवला.
जरा हलकं झालं. उचकी होतीच.

"आणि कोंडीचं काय?
पनवेलला गाड्या तुंबल्यात
हे मला वडखळला भजी खाताना कळतं."

वायर बघितली. स्टँडसमोरच्या हातगाडीवरची, ऐंशी रुपयांची.
म्हटलं, ह्या जातीचा कान वायरीत असतो.
मूळच्या वायरीला मध्येच एक गाठ असते, सुपारीएवढी,
रस्त्याची कुजबुज तिथून आत जाते.
ती कुठाय?
रुकय्या हसली.
"आंब्याची पेटी बांधली तिनं.
गेली दोहाला, पेटीबरोबर."

मग पोटात शिरलो.
पोटात ओमान. पोटात कुवेत. अख्खा कतार,
चौकाचौकातली वर्तुळं, पेट्रोलपंप,
उंटांच्या शर्यतीचं मैदान.
एवढं उरावर घेऊन हे बापडं
मोडकाआगरचा पूल ओलांडत होतं.
ओमान पुसला. कुवेत पुसला.
कतारवर बोट ठेवलं तशी ती म्हणाली, थांब.

यादीत 'घर' म्हणून एकच जागा होती.
दुसरा माळा, खोली चौदा.
त्यानं तिथं विकत घेतलं, तिथंच पहिल्यांदा चालू केलं.
यंत्रानं विचारलं असेल, घर कुठलं.
त्यानं होता तिथलं सांगितलं.

"मी दाबते ते बटण कधीतरी," ती म्हणाली,
"रात्री, गाडी रिकामी असली की.
मार्ग सापडला नाही म्हणतं.
पण त्याआधी बराच वेळ शोधतं."

कतार ठेवला.
बिलात असलं काही लिहायला रकाना नसतो.

गुहागरच्या एका डॉक्टरनं मोडीत दिलेल्या यंत्राची वायर होती,
सुपारीसकट, ती जोडली.
तपासायला म्हणून धोपाव्यापर्यंत गेलो.
वाटेत बर्फाचा टेंपो उलटा येत होता,
त्याच्यामागे एसटी, आणि रस्त्यात तिघं,
तिघांचे हात तीन दिशांना.
कान शोधत राहिला. त्याला काही ऐकू आलं नाही.
इथल्या रस्त्याची बातमी कुणी हवेत सोडत नाही.
म्हटलं, मुंबईकडं गेलीस की बोलेल.

गाडी फेरीबोटीत चढली.
पायाखाली डिझेलची थरथर, बाजूला दोन स्कूटर,
एका पाटीत झाकलेली कोलंबी.
पडद्यावर रस्ता संपला.
नुसतं निळं, आणि त्यात आमचा त्रिकोण.
आणि तो सरकायला लागला,
तेलावरून घसरल्यासारखा, एकसारखा,
खाडीच्या मधोमध एकही उचकी नाही.

"झालं की रे नीट!"

काढायला काही उरलं नाही म्हणून चालतंय,
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
मी कोलंबीचा भाव विचारला.

दाभोळची पहिली कौलं आली
आणि त्रिकोण थबकला.
खलाशानं फळी टाकली.
स्कूटर गेल्या, पाटी गेली,
आमची पुढची चाकं धक्क्यावर टेकली,
तो मागेच, पाण्यात.

मी बटणाकडं हात नेला.
रुकय्यानं पहिला गिअर टाकला.
"राहू दे त्याला," म्हणाली,
"येईल."