अकरा सेकंदांचं लोखंड

उद्यमबागेत, मुतगेकरांच्या फाउंड्रीच्या ऑफिसात
मी डावीकडच्या यादीतून ‘व्हिडिओ’ उचलते
आणि पानाच्या मधोमध सोडते.
एक राखाडी चौकोन उमटतो,
आत आडवा पडलेला त्रिकोण.
‘‘एवढंच?’’ मुतगेकर विचारतात.
हा साचा, म्हटलं. लोखंड अजून यायचंय.

फाइल चारशे बारा एमबीची,
त्यांच्या पुतण्याने चालता चालता काढलेली.
पहिली वीस सेकंदं नुसती त्याची चप्पल.
चप्पल कापली. क्रेनची साखळी कापली.
मग मालकांचं भाषण. ते जरा जड गेलं,
समोरच बसले होते.
उरली अकरा सेकंदं:
भट्टीचं तोंड कलतं,
लाडलमध्ये पिवळं-पांढरं उतरतं
आणि भरमा मोल्डर दांडा दोन्ही हातांनी धरून
साच्याच्या तोंडाशी असा वाकतो
जसं तापातल्या माणसाला कुणी चमच्यानं पाणी पाजावं.

ठिणग्या दाबू देत नाहीत.
सॉफ्टवेअरला भिंत आवडते, बसलेला माणूस आवडतो;
ठिणगी उडाली की त्याची त्रेधा, सगळे चौकोन चौकोन.
तिसऱ्यांदा दाबल्यावर
ठिणग्या राहिल्या, भरमाचा चेहरा गेला.
चौथ्यांदा वजन वाढवलं. चेहरा आला परत,
मिशीसकट.
चौदा एमबी. जांबोटीच्या रेंजमध्ये अडकेल थोडी.
अडकू दे.

एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
पंखा थांबला तसा बाहेरचा ग्राइंडरही थांबला,
आणि शेडमधून कुणाचा तरी खोकला ऐकू आला,
जो इतका वेळ तिथेच असणार.
चहा झाला. लाइट आली. पुन्हा शून्यापासून.

मग खिडकी उघडली, त्यात खुणा करायच्या.
परत परत चालू दे: हो.
आपोआप सुरू होऊ दे: हो.
त्याखाली लाल ओळ:
आपोआप चालवायचा तर आवाज बंद ठेवावा लागेल.
‘‘म्हणजे दिसायचं, पण बोलायचं नाही,’’
मुतगेकर म्हणाले, हसले नाहीत.
बेळगावात असं वाक्य
खोलीत जरा जास्तच वेळ थांबतं.

पुढे: शब्दपट्टीची भाषा निवडा.
अकरा सेकंदांत शब्द एकच,
ओतायच्या आधी भरमा मागच्यांना ओरडतो तो,
सर्रि!
‘‘मराठी लिहा,’’ मुतगेकर म्हणाले, ‘‘सर म्हणतोय तो.’’
‘‘कानडी आहे ते,’’ हिशोबाच्या वहीतून हुक्केरीबाई,
‘‘सरि. घरात आम्ही रोज म्हणतो.’’
सॉफ्टवेअरच्या यादीत दोन्ही होत्या,
एकीवरच बोट ठेवता येत होतं.

भरमाला बोलावलं.
तो दारातच उभा, पायांवर काळी वाळू,
आत यायला फरशी बघतो.
‘‘माझं काय बघूलालाय ते?’’
पडद्यावर तो वाकत होता, वाकत होता,
मुक्यानं, तीच लाडल, तोच साचा,
कधीच न भरणारा.
त्यानं दोनदा पूर्ण बघितलं.
‘‘डावा हात वर गेलाय माझा,’’ म्हणाला. ‘‘चूक हाय.’’
मग, ‘‘आवाज लावा की.’’

मी लावला.
सर्रि!

मुतगेकरांनी पाय खुर्चीखाली ओढले.
हुक्केरीबाईंनी पदर आवरला.
मी लॅपटॉप छातीशी घेतला.
भरमा स्वतः पण एक पाऊल मागे सरला,
दाराच्या चौकटीवर आदळला,
आणि इतका हसला की खोकला लागला.
मघाचा खोकला त्याचाच होता.

भाषेची जागा मी रिकामी सोडली.
सॉफ्टवेअरनं एकदा विचारलं, नक्की?
साइट संध्याकाळी सुरू झाली, आवाज बंद.
फक्त कर्ण्याचं ते चिन्ह कोपऱ्यात होतं
ते ओढून नेहमीपेक्षा मोठं केलं.
मुतगेकर म्हणतात, डिझाइन बिघडतंय त्यानं.
बिघडतंय थोडं.